छप्पर पेलणारे खांब आणि मधुकाका

कुंदाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. "मृदुला, हे गेले गं," त्या म्हणाल्या. आवाज स्थिर होता, जरा जास्तच स्थिर. "सकाळी चहा दिला. अर्धा कप प्यायले, म्हणाले आज साखर बरोबर पडलीये... आणि मान कलली. हाक मारली, हलवलं, पण काही नाही." मी इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. रडू आलं, पण ते नंतर. आधी हायसं वाटलं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकूही तेच म्हणाल्या. "मार्चमध्ये गेले असते ना, तर मला सोसलं नसतं." मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले होते आणि मधुकाकांचं एक काम अर्धवट होतं. सप्टेंबरमध्ये ते गेले तेव्हा काहीच अर्धवट नव्हतं. त्या कामाबद्दल आणि ते हट्टाने पुरं करून घेणाऱ्या माणसाबद्दल मला सांगायचं आहे.

मधुकर सबनीस मूळचे मिरजेचे. तरुणपणी अमेरिकेत आले, स्ट्रक्चरल इंजिनिअर झाले आणि सिएटलच्या उत्तरेला, खाडीकाठच्या आमच्या गावात राहून त्यांनी जन्मभर पुलांची कामं केली. माझी त्यांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. आम्ही रात्री जागून मखर उभं केलं होतं, नव्यानेच पुण्याहून आलेली मी त्यावर फुलं चिकटवत होते, आणि एक उंच, किडकिडीत गृहस्थ आले. त्यांनी मखराचा एक खांब दोन बोटांनी हलवला आणि म्हणाले, "छान दिसतंय. याच्याखाली लहान मुलांना उभं करू नका." मला राग आला होता. दुपारी आरतीच्या वेळी ते मखर डाव्या अंगाला झुकलं, आणि ते पडायच्या आत धरायला काका आधीपासून तिथेच उभे होते. ते कौतुक करायला कंजूष होते, वाद घालायला उदार. पार्टीत कुणाच्या डेकवर गेले की आधी खाली वाकून कठड्याचे बोल्ट बघायचे. कुंदाकाकू म्हणायच्या, "यांना माणसं नंतर दिसतात, आधी माणसं कशावर उभी आहेत ते दिसतं."

निवृत्तीनंतर ते एका छोट्या संस्थेच्या बोर्डावर गेले. म्हातारी माणसं आणि कमी पगाराची कुटुंबं यांच्यासाठी परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधणारी ही संस्था. गावातल्या जुन्या बस डेपोच्या जागी त्यांची चार मजली इमारत उभी राहत होती. अशा इमारतीच्या दर्शनी भागात काहीतरी सार्वजनिक कलाकृती हवी असा शहराचा आग्रह होता, म्हणून एक आर्ट कमिटी नेमली गेली. काकांनी मला त्यात ओढलं. "तू डिझायनर आहेस ना?" "काका, मी ॲपच्या स्क्रीन डिझाइन करते." "मग इमारतीचा दरवाजा ही पहिली स्क्रीनच की. चल." पहिल्या मीटिंगमध्ये संस्थेची डायरेक्टर कॅथी हिने एक गुळगुळीत कॅटलॉग आणला. त्यात फायबरग्लासचा, लाल-काळ्या रंगाचा एक टोटेम पोल होता, गरुड आणि अस्वलाच्या तोंडांचा उंच खांब. कॅथी मनाने फार चांगली बाई. या जमिनीवर पूर्वी नेटिव्ह लोकांची वस्ती होती, त्यांचा मान ठेवावा असं तिला खरंच वाटत होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी कॅटलॉग जवळ ओढून घेतला. "हे कुणाचं आहे?" कॅथीने कंपनीचं नाव सांगितलं. "ते नाही. हे गरुड, हे अस्वल, हे कुणाचं आहे? इथल्या लोकांचं आहे का?" कुणालाच माहीत नव्हतं. "रिझर्व्हेशन गाडीने पंचवीस मिनिटांवर आहे," काका म्हणाले. "कुणी विचारलं का त्यांना?"

परतताना गाडीत त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "माझं आजोळ धरणात गेलं, तुला सांगितलंय का कधी?" नव्हतं सांगितलं. कृष्णेच्या एका उपनदीवर धरण झालं आणि त्यांच्या आईचं माहेर, मामांची शेतं, देऊळ, सगळं पाण्याखाली गेलं. गावाला दूर माळावर जागा मिळाली. नंतर धरणाजवळ बाग केली, आणि बागेत विस्थापितांच्या स्मरणार्थ सिमेंटचा पुतळा बसवला... डोक्यावर घागर घेतलेली बाई. "माझी मामी एकदा सहलीच्या बसमधून तिथे गेली होती. पुतळ्यासमोर उभी राहिली आणि हसायलाच लागली. माळावर नळ नव्हता गं. ती रोज डोक्यावर पाणी आणायची, टेकडी चढून. तिचा पुतळा करायला सरकारकडे सिमेंट होतं, नळाला नव्हतं." त्यांनी गिअर बदलावा तसा विषय बदलला. पण पुढच्या शनिवारी सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला.

रिझर्व्हेशन म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेली जमीन. कधीकाळी सगळीच त्यांची होती, त्यातला उरलेला तुकडा. तिथल्या सांस्कृतिक केंद्रात चौकशी केल्यावर आम्हाला लॉरेनच्या शेडकडे पाठवलं. लॉरेन पन्नाशीची, रुंद खांद्यांची, कोरीवकाम करणारी. काकाकडून शिकलेली, तिच्या स्वतःच्या काकाकडून. शेडमध्ये सीडरच्या लाकडाचा तो गोडसर, तिखट वास भरला होता आणि ती वाकस घेऊन एक ओंडका तासत होती. तिने काम थांबवलं नाही. काकांनी सगळं सांगितलं, कॅटलॉगसकट. टोटेम पोलचं नाव काढल्यावर मात्र ती थांबली. "ते आमचं नाही. ते दूर उत्तरेकडच्या लोकांचं. आम्ही घरखांब करायचो. लांबलचक घर असायचं, आत कितीतरी कुटुंबं, आणि छपराच्या तुळया ज्या खांबांवर टेकायच्या ते कोरलेले असायचे." काकांचे डोळे असे चमकले की मला हसू आलं. "म्हणजे ते भार घ्यायचे? नुसते शोभेचे नव्हते?" "शोभेचे कशाला करू?" लॉरेन म्हणाली.

मला वाटलं, काम झालं. पण तिने वाकस खाली ठेवला आणि सरळ नकार दिला. म्हणाली, असे लोक तिच्याकडे वर्षातून दोनतीनदा येतात. बँक येते, हॉस्पिटल येतं, कॉलेज येतं. "तुम्हाला दारावर आमचा चेहरा हवा असतो. दाराच्या आत कोण राहणार? माझी आत्या डॉट तिकडे बघा, त्या ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहते. छत गळतं. गावातल्या घरांसाठी तिने कितीदा अर्ज केला. तिच्यासारखी माणसं आत जाणार नसतील तर मी बाहेर उभं राहणारं काही करणार नाही." मी काहीतरी सारवासारव करायला गेले, काकांनी हाताने थांबवलं. त्यांनी तिला पाणी आणणाऱ्या मामीची गोष्ट सांगितली. लॉरेन ऐकून घेऊन म्हणाली, "मग तुम्हाला कळतंय." आणि पुन्हा तासायला लागली. तो निरोपच होता.

बोर्डात यावर फार वाद झाला. काकांना वाटत होतं काही घरं सरळ ट्राइबच्या लोकांना द्यावीत. वकिलांनी समजावलं की घर देताना वंश बघून झुकतं माप देता येत नाही, कायदाच आहे, आणि तो चांगल्या कारणासाठी झालेला आहे. काका घरी येऊन दोन दिवस जुने अर्ज चाळत बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की माप झुकवता येत नसलं तरी तराजूपर्यंत माणसांना पोचवता येतं. आजवर संस्थेच्या अर्जांची माहिती फक्त वेबसाइटवर आणि गावातल्या लायब्ररीत मिळायची. रिझर्व्हेशनवर कुणी गेलंच नव्हतं. जुन्या अर्जांपैकी बरेचसे एखादा कागद कमी म्हणून बाद झाले होते, आणि तसं कळवलेली पत्रं भलत्याच पत्त्यावर गेली होती. कॅथीने ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला. मग प्रत्येक शनिवारी रिझर्व्हेशनच्या कम्युनिटी हॉलमध्ये काका, कॅथी आणि मी टेबल मांडून बसायला लागलो. पहिल्या शनिवारी कुणीही आलं नाही. दुसऱ्या शनिवारी एक आजोबा आले, कॉफी प्यायले आणि गेले. काकांनी थर्मास आणि कुंदाकाकूंच्या हातच्या चकल्या न्यायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला डॉट आत्या आली. सत्तरीपुढची, ठेंगणी, जाड चष्म्याची. तिने चकली मोडली, वास घेतला आणि काकांना विचारलं, "तू कुठला इंडियन?" काका म्हणाले, "ज्याच्या शोधात निघालेला माणूस वाट चुकून तुमच्याकडे पोचला, तो." आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवशी तिने अर्ज भरला, आणि पुढच्या वेळी आणखी बायकांना घेऊन आली.

एका शनिवारी आम्ही टेबल आवरत असताना लॉरेन दारात उभी होती. "मी करते तुमचं काम," ती म्हणाली. मी घाईने म्हटलं, "पण घरांची सोडत अजून व्हायचीय. आत्याला घर मिळेल याची गॅरंटी नाही." "मी गॅरंटी मागितली नव्हती. तुम्ही परत येता का तेवढं बघायचं होतं."

सोडत झाली त्यात डॉटचं नाव लागलं नाही. तिच्या ओळखीच्या दोन कुटुंबांचं लागलं, तिचं प्रतीक्षा यादीत गेलं. काका त्या संध्याकाळी आमच्याकडे आले आणि सोफ्यावर बसून राहिले. "मामीला तोंड कसं दाखवू," असं पुटपुटले, आणि मग स्वतःच्याच बोलण्याने दचकले. मामी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तेव्हाच मी पहिल्यांदा पाहिलं की जिना चढून आल्यावर त्यांना धाप लागते आणि ती लवकर थांबत नाही. हृदय थकलं होतं. पाय सुजायचे. पण सांगायची सवय नव्हती.

लॉरेनने दोन खांब ठरवले होते, दरवाजाच्या दोन्ही बाजूंना. डावीकडे हात उंचावून आलेल्यांचं स्वागत करणारी बाई, उजवीकडे वल्हं धरलेला माणूस. काकांच्या डोक्यात मात्र तिचं ते वाक्य बसलं होतं, शोभेचे कशाला करू. त्यांनी हट्ट धरला की पोर्चच्या छपराची तुळई या खांबांवरच टेकली पाहिजे, खरोखर. कॉन्ट्रॅक्टरने दुसरा मार्ग सुचवला होता. लाकूड मधून आरपार भोसकून लोखंडी खांब घालायचा, भार लोखंडाने घ्यायचा, बाहेरून कोरीवकाम दिसेल. लॉरेनने नकाशा पाहिला आणि एवढंच विचारलं, "हे लोखंड माझ्या बाईच्या छातीतून जाणार?" काका म्हणाले, "नाही जाणार." शहराच्या इन्स्पेक्टरचं म्हणणं बरोबरच होतं, हा भूकंपाचा प्रदेश आहे, कोरलेल्या ओंडक्याची ताकद कोण सांगणार? मग काकांच्या जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. असे खांब मागून पोकळ करतात, लाकूड वाळताना तडकू नये म्हणून. ती पोकळी काकांना सापडली आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. लोखंड त्या पोकळीत उभं राहील, अंगाला न भोसकता, फक्त पाठीला आधार देईल. जमीन हलली तर खांबाला धरून ठेवील. एरवी छपराचा भार लाकूडच घेईल. लॉरेन शेडमधून फोनवर मापं सांगायची, काका इकडे आकडे मांडायचे, आणि दोघांची भांडणं चालायची. "तिला मी म्हटलं दोन इंच जास्त ठेव, तर म्हणते पाठ जाड दिसेल!" "बाईमाणसाची पाठ आहे, बरोबर बोलतेय ती," कुंदाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मार्चमध्ये त्यांच्या फुप्फुसात पाणी झालं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की आता आठवडे म्हणा, महिने म्हणू नका. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या अल्फारेटाहून त्यांची मुलगी अनघा आली. ऑक्सिजनची नळी नाकात, आणि काका तिला म्हणत होते, "इन्स्पेक्टरचा ईमेल आला का बघ." ती वैतागली. "बाबा, प्लीज, लेट इट गो. कुणीतरी दुसरं करेल." "करेल. पण लोखंड छातीतून घालेल." अनघाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिनेच लॅपटॉप उघडला. त्यांच्या जुन्या ऑफिसातल्या एका तरुण इंजिनिअर मुलीने त्यांची सगळी गणितं पुन्हा तपासली, एक चूक काढली, आणि स्वतःच्या सहीने नकाशे शहराला दिले. चूक निघाली म्हणून काका नाराज होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "वा! म्हणजे कुणीतरी खरंच तपासलं." एप्रिलमध्ये परवानगी आली. त्याच महिन्यात सोडतीत घर लागलेलं एक कुटुंब दुसऱ्या राज्यात गेलं आणि तळमजल्यावरचं, दरवाजाजवळचं घर डॉट आत्याला मिळालं. ही बातमी मी काकांना सांगितली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास घेतला की नर्सने मशीनकडे पाहिलं. ते घरी आले. डॉक्टर त्याला औषधाचा गुण म्हणाले.

जूनमध्ये खांब उभे राहिले. रिझर्व्हेशनवरून माणसांनी भरलेल्या गाड्या आल्या, ढोल आले, गाणी झाली. त्या गाण्यांबद्दल मी लिहिणार नाही, ती त्यांची आहेत. काका व्हीलचेअरवर, शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर, जवळ कुंदाकाकू ठेवणीतल्या नारायणपेठीत. छपराची तुळई तोवर तात्पुरत्या लोखंडी टेकूंवर उचलून धरलेली होती. खांब खाली नीट बसवले आणि मग टेकू हळूहळू उतरवायला सुरुवात झाली. ढोल थांबले. तुळई खाली येत होती, दिसणारही नाही इतकी सावकाश... आणि मग लाकडाने एक आवाज केला, करकर नाही, एखादा माणूस ओझं घेऊन कण्हतो तसा. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस थबकला. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका मान पुढे करून ऐकत होते. पुन्हा आवाज आला नाही. "बसलं," ते मराठीत म्हणाले. कुणाला भाषांतर लागलं नाही. लॉरेन गुडघ्यावर बसली आणि तिने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

लॉरेनच्या लोकांत अशी रीत आहे की समारंभात काही माणसांना नाव घेऊन पुढे बोलावतात आणि साक्षीदार नेमतात. जे पाहिलं ते लक्षात ठेवायचं आणि पुढे लोकांना सांगत राहायचं, एवढी त्यांची जबाबदारी. डॉट आत्याने काकांचं नाव घेतलं. त्यांच्या खांद्यांवर लोकरीची घोंगडी पांघरली. काका घसा खाकरून म्हणाले, "मी या गावात चाळीसहून जास्त वर्षं राहतोय. आज पहिल्यांदा कुणीतरी मला आत या म्हणालं." एवढंच. नंतर उन्हाळाभर, जरा बरं वाटलं की ते मला तिकडे न्यायला लावायचे. आत्या खुर्ची बाहेर आणून ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला, पोस्टमनला, मुलांना घेऊन येणाऱ्या आयांना काका सगळं पहिल्यापासून सांगायचे, कॅटलॉगपासून. डॉक्टरांच्या आठवड्यांचे महिने झाले होते आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.

दिवसकार्य उरकल्यावर अनघाने आईला अल्फारेटाला चल म्हणून खूप आग्रह केला. काकू म्हणाल्या, "येईन, हिवाळ्यात येईन. आत्ता नको." मग एका रविवारी त्यांनी मला फोन केला. लाकूड पहिले काही महिने आटत राहतं, त्यामुळे खांबांच्या पाठीमागचे बोल्ट थोडे सैल होतात, ते अधूनमधून आवळायला हवेत, असं काका सांगून गेले होते. माझ्या हातून त्यांनी ते दोनदा करून घेतलं होतं, स्वतः खुर्चीत बसून, प्रत्येक वेळी माझ्या मनगटाला नावं ठेवत. "तू जाशील ना? मीही येते," काकू म्हणाल्या. त्यांनी गॅरेजमधून काकांचा पाना आणला होता, फडक्यात गुंडाळून.

बाईच्या खांबाच्या मागची छोटी झडप उघडली की आतली पोकळी दिसते. तिथे कुणी बघणार नाही, तरी लॉरेनने वाकसाचा एकेक घाव ओळीत, माशाच्या खवल्यांसारखा घातलेला आहे. काकूंनी ते पहिल्यांदाच पाहिलं. बराच वेळ त्या टॉर्च धरून उभ्या राहिल्या. मी पहिल्या बोल्टला पाना लावला आणि जोर दिला. हलला नाही. दुसरा, तिसरा... एकही हलला नाही. लाकूड आटायचं तेवढं आटलं होतं. वल्हेवाल्या माणसाच्या खांबाचंही तसंच. मी झडप लावून उठले तर डॉट आत्या दारात उभी होती.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"काही करायचंच नाहीये, काकू. घट्ट आहे सगळं."

काकूंनी पाना माझ्याकडून घेतला, पुन्हा फडक्यात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. मग डॉटकडे वळून त्यांच्या त्या तुटक इंग्रजीत म्हणाल्या, "चहा मी करते. तुला तो नीट जमत नाही असं हे म्हणायचे." आत्या बाजूला झाली, आणि काकू दोन खांबांच्या मधून, छपराकडे एकदाही वर न बघता, आत गेल्या.